बांधावरची हाक

साळूबाईंच्या हृदयाचा जोर कमी झाला होता. रोज थोडं चाला, असं भोरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी त्या ओट्यावरून हलत नव्हत्या. सून सुलक्षणाला वाटायचं, दम लागतो म्हणून. खरं कारण कान होते. चाळीस वर्षं भाकरीच्या वेळेला त्यांचे मालक आनंदराव वरच्या खाचरातून हाक मारायचे, "आगं येऽऽ!" त्या हाकेच्या ओढीनं साळूबाई चढ चढायच्या. हाक ऐकू येईना, तशी पावलंही थांबली.

परवा कानाचं मशीन आलं. आज साळूबाई स्वतःच भाकरी घेऊन निघाल्या. वाटेत तीनदा बसल्या, सुजलेल्या पायांना शिव्या घातल्या आणि एकदाच्या बांधाला पोचल्या.

आनंदरावांनी लांबूनच पाहिलं. पण त्यांना आता खुणांचीच सवय लागलेली. त्यांनी नुसता टॉवेल हलवला.

साळूबाईंना असा राग आला! "जळो त्यो टावेल," म्हणत त्या भाकरी मांडीवर घेऊन पाठ फिरवून बसल्या.

जरा वेळानं मागून आवाज आला. म्हातारा, चिरका.

"आगं येऽऽ!"

साळूबाईंचे डोळे भरून आले, पण त्या वळल्या नाहीत. अजून एकदा येऊ दे, म्हणाल्या.