बुजवलेले सांधे

नवरा गेल्याला महिना होत आला तरी थोरलीच्या डोळ्यांना पाणी नव्हतं. बायका म्हणाल्या, दगड झालीय. तिला पटलं. दगडाला स्वयंपाक करावा लागत नाही, एवढाच फरक.

तो गवंडी होता. नदीवरच्या जुन्या दगडी धरणाची डागडुजी हे त्याचं शेवटचं काम. धरणाचा पाट वरच्या शेतांना पाणी देई. पण नुसते दगडावर दगड रचलेल्या त्या भिंतीतून पाणी झिरपायचंही. भोक दिसलं की ह्याचे हात शिवशिवायचे. लोकांच्या घरातली उंदरांची बिळंसुद्धा फुकट लिंपून यायचा. त्यानं एकेक सांधा सिमेंटनं बुजवला. पाट तुडुंब वाहू लागला, लोकांनी वाहवा केली, आणि आठवड्याच्या आत हा बसल्या जागी गेला.

आज धाकटी जाऊ आली. चहा निवला तरी कप हातातच.

"बोल की. गुळणी धरून काय बसलीस?"

"ताई, धरणाखालचा ओहोळ आटला. आमची वांगी माना टाकताहेत."

"म्हणजे?"

"ते झिरपणारं पाणीच आमच्या मळ्याला यायचं हो. आपण सगळे गळती गळती म्हणत बसलो." धाकटीनं खाली पाहिलं. "खालचे दोनचार सांधे फोडायला हवेत. दुसरा गवंडी बघते. पण दादांच्या हातचं शेवटचं काम ते… तुम्हाला विचारल्याशिवाय कसं करू?"

थोरलीला काहीच वाटलं नाही. ती उठली, कोपऱ्यातल्या पिशवीतून त्याची छिन्नी आणि हातोडा काढला.

"दुसरा कशाला? तो अख्खी भिंत खिळखिळी करेल. खपल्या भरायला ती बादली घे, चल."

धरणाच्या पायथ्याशी सांधे आरशासारखे गुळगुळीत होते. तिनं बोट फिरवलं, मग छिन्नी टेकवली. सिमेंट हलेना.

"काम मात्र जातिवंत हो," धाकटी बोलून गेली आणि जीभ चावली.

"तर काय! घरचा नळ सहा महिने ठिबकतोय, तो दिसला नाही कधी."

धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसता तीच रडायला लागली. थोरली घाव घालत राहिली. शेवटी खपली उडाली आणि पाण्याची बारीक धार तिच्या मनगटावरून बाहीत शिरली. गार. ती थोडा वेळ तशीच थांबली, आता तरी रडू येईल म्हणून.

नाही आलं.

"रडणं झालं असेल तर बादली सरकव," ती म्हणाली, आणि छिन्नी पुढच्या सांध्याला लावली.