टाचणीवरची जोडी

संग्रहालयात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण शोभत होतं. बारीक, ताठ आणि टोचायला सदा तयार. कीटक विभागाची कपाटं एकतीस वर्षं तिच्या ताब्यात होती. गेल्या तीन वर्षांपासून विभागाचा प्रमुख तिचा सख्खा जावई होता, आणि हे दोघांनाही पचलं नव्हतं. ऑफिसात ती त्याला ‘सर’ म्हणायची, तो तिला ‘बाई’. घरी तो ‘आई’ म्हणायचा, तेही बायकोनं डोळे वटारल्यावर.

भांडण गांधीलमाश्यांवरून होतं. पोळं करून राहणाऱ्या नव्हे, जमीन खणणाऱ्या, एकांड्या. यांची मादी एकटीच बीळ खणते, रातकिड्याला डंख मारून लुळा करते, बिळात ओढून नेते, त्याच्या अंगावर अंडं घालते आणि तोंड बुजवून निघून जाते. पिल्लू त्या जिवंत रातकिड्यावर वाढतं. जनरेटरच्या खोलीमागच्या वाळूत टाचणीबाईनं चौदा वर्षं उन्हात बसून हे पाहिलं होतं. तिचं म्हणणं असं, की दिसायला एकसारख्या या माश्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत. एक जबड्यात खडा धरून बिळावरची माती ठोकते, दुसरी नुसती डोक्यानं दाबते. एक रातकिड्याच्या छातीवर अंडं घालते, दुसरी त्याच्या मागच्या पायाच्या मुळाशी.

"पंखांच्या शिरा सारख्या, पायांवरचे केस सारखे," जावई म्हणायचा. "जात अंगावरून ठरते, बाई, सवयीवरून नाही. उद्या तुम्ही डावखुऱ्या माणसांची वेगळी जात काढाल."

त्यानं केलेली विभागातल्या कीटकांच्या जातींची सूची येत्या सोमवारी छापायला जाणार होती आणि तिच्यात या माश्यांची जात एकच होती. महिनाअखेरीला टाचणीबाई निवृत्त होणार होती. सूची तशीच छापली गेली, तर तिची चौदा वर्षं म्हातारीची बडबड ठरणार होती. तिच्याकडे पुरावा होता तो एकशेचार टाचण्यांचा. प्रत्येक टाचणीवर वर माशी, खाली तिच्याच बिळातून काढलेला रातकिडा, त्याच्यावर वाळलेलं अंडं आणि तळाशी नंबराचं लेबल.

गेला महिनाभर ती रजेवर होती. लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून त्यांच्याच घरी राहायला गेली होती. कपाटांच्या किल्ल्यांचा एकुलता एक जुडगा तिथेही तिच्या पर्समध्ये असायचा. त्या पहाटे जावई ‘तुम्ही व्हा पुढे, आलोच मी’ म्हणून घरीच थांबला. लेक चौदा तास कळा देत होती. जावयाचा निरोप आला, मीटिंगमध्ये अडकलोय, निघता येत नाही. तो उगवला संध्याकाळी, बाळाला पुसून गुंडाळून झाल्यावर.

गुरुवारी ती कामावर परतली आणि आधी आपला ड्रॉवर उघडला. एकशेचार माश्या ओळीनं होत्या. त्यांच्याखाली नुसती नंबरांची लेबलं होती, रातकिडा एकही नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रातकिडे कुठे आहेत?" तिनं केबिनच्या दारातूनच विचारलं.

"रातकिड्यांच्या कपाटात." त्यानं मान वर केली नाही. "एका टाचणीवर दोन-दोन कीटक, काय तो पसारा! ज्याला त्याला आपापल्या घरी पाठवलं."

"नंबर माशीखाली होता. रातकिड्यांवर काही लिहिलेलं नव्हतं."

"तुमच्या वह्या आहेत की."

"वही म्हणजे पुरावा नव्हे, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"मग आता मी काय करू, बाई?" तो म्हणाला आणि पुन्हा टाइप करू लागला.

ती आदळआपट न करता निघाली. रातकिड्यांच्या कपाटात चाळीस ड्रॉवर होते. जावयानं तिचे रातकिडे हजारोंच्या गर्दीत वर्गवारीनं अगदी चोख बसवले होते. पण अंड्यांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. केस आणि शिरा बघणाऱ्या माणसाला कण्यांएवढी ती अंडी कचराच वाटली असणार. टाचणीबाईनं भिंग लावलं आणि दोन दिवस मान वर केली नाही. छातीवर अंडं असलेले एकसष्ट निघाले. पायाच्या मुळाशी असलेले त्रेचाळीस. वहीतही एकसष्ट आणि त्रेचाळीसच होते.

शनिवारी तिनं रातकिड्यांचे दोन ट्रे आणि माश्यांचा ड्रॉवर त्याच्यापुढे ठेवले. त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एका ट्रेतली अंडी लांबट आणि वाकडी होती, दुसऱ्यातली आखूड आणि सरळ; हा फरक सवयीचा नव्हता, अंगाचा होता. त्याचे कान लाल झाले.

"दोन आहेत," तो शेवटी म्हणाला. "सूची बदलतो. दुसऱ्या जातीला तुमचं नाव देऊ या."

"नाव नकोय मला." तिनं ड्रॉवरमधल्या एका माशीवर बोट रोखलं. "हिचा रातकिडा कुठला, तेवढं सांगा."

त्याला सांगता येईना. तिलाही आलं नसतं. एकशेचार जोड्या होत्या, त्यातली एकही आता जुळणार नव्हती. जिंकूनही तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायची तिची तयारी नव्हती.

विभागाचा एक नियम तो येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. नमुन्याला ज्यानं हात लावला, त्यानं काय केलं ते नाव-तारखेसह स्वतःच्या हातानं लिहायचं आणि त्याच टाचणीत अडकवायचं. असं लेबल पुढे कुणीही काढायचं नाही. तिनं कोऱ्या लेबलांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"लिहा."

त्यानं लिहिलं, ‘भक्ष्य वेगळे केले.’ खाली नाव घातलं. तारखेपाशी पेन थांबलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"माशीच्या पायावरचे केस पाठ असतात तुम्हाला, आणि महिन्याभरातली तारीख आठवत नाही?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाला, "आई..."

ऑफिसात त्यानं तिला पहिल्यांदाच आई म्हटलं होतं. टाचणीबाईनं मनातल्या मनात महिन्याचे दिवस मोजले. महिन्याभरात जुडगा एकाच दिवशी तिच्याजवळ नव्हता. त्या पहाटे लेकीला घेऊन दवाखान्यात धावताना पर्स त्यांच्याच घरी खुंटीला राहिली होती. चौदा तास लेक विचारत होती, "आला का गं तो?" आणि ती स्वतः तिच्या कपाळावरचा घाम पुसत सांगत होती, "येतोच आहे, निघालाय."

"लिहा," ती म्हणाली.

त्यानं लिहिली. त्याच्या मुलीच्या जन्माची तारीख.

तिनं लेबल उचललं, शाई वाळू दिली आणि पहिल्या माशीखाली टोचलं.

"अजून एकशेतीन राहिलीत. अक्षर नीट काढा, सर. ही लेबलं कुणी काढून टाकत नाही. तुमची मुलगी मोठी झाली की तिलाही वाचता येतील."