वायफाय चालू राहिलं त्या दुपारी

मला दादाकडून ताईकडे देण्याच्या व्यवहारात ताईला मिळणार होती नोकरी, तीही दुसऱ्यांच्या संगणकांची राखण करण्याची. दादाला मिळणार होती टेबलावरची रिकामी जागा. माझ्या वाट्याला काय येणार, हे कुणी विचारलंच नाही.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. एके काळी दादा माझ्यावर घरांचे नकाशे काढायचा आणि चारचौघांत माझं कौतुक करायचा. मग त्याचा नवा संगणक आला आणि मी ताईकडे गेलो, शिकाऊ डॉक्टरच्या हाती लागलेल्या रोग्यासारखा.

ताई सरावासाठी मुद्दाम माझ्यात व्हायरस सोडायची. तो काय काय कुरतडतो ते बघायची, मग सगळं पुसून मला पुन्हा धडधाकट करायची. तिचं बोट बटणाकडे गेलं की माझा पंखा घरघरू लागे. दिलासा एवढाच, की आधी ती माझं वायफाय बंद करायची. दुखणं माझ्यापुरतंच राहायचं.

त्या दुपारी आई म्हणाली, "अगं, मुलाखतीचं काही आलंय का बघ तरी!"

ताईने वायफाय लावलं. बोलावणं आलं होतं! आनंदाच्या भरात ती ते बंद करायला विसरली आणि तिने रोजच्यासारखा व्हायरस उघडला.

मला ओरडता येत नाही. तो माझ्यातून निघून भिंतीपलीकडच्या संगणकाकडे सरकत होता आणि मी नुसता तापत होतो.

"अगं ए, माझा एकही नकाशा उघडत नाहीये!" दादा ओरडला.

ताईने धावत जाऊन वायफायच्या डब्याची वायर उपटली. उशीर झाला होता.

"त्या लॅपटॉपच्या डबड्यानेच घाण केली असेल," आई म्हणाली. "फेकून द्या एकदाचं."

ताईला सुटकेची वाट आयती मिळाली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं आपलं.

"त्याने नाही, मी केलं," ती रडत म्हणाली. "दादा, नकाशांची वेगळी प्रत ठेवलीस ना?"

"तू सांगायचीस रोज. ऐकतो कोण?" दादा खालीच बसला. "मुलाखतीत मात्र हे बोलू नकोस हं. दारातूनच परत पाठवतील."

ती बोललीच. घरी येऊन तिने सांगितलं, साहेबांनी एवढंच विचारलं होतं, "आधी वायर उपटली, की आधी रडलात?"

"उपटता उपटताच रडले, सर."

मित्रांनो, तुमच्या कामाची एक प्रत वेगळी ठेवा आणि चूक झाली तर लगेच सांगून टाका. शेवटी ताईला नोकरी मिळाली. दादा सुट्ट्या घालवून नकाशे पुन्हा काढत बसला. माझं वायफायचं कार्ड ताईने कायमचं काढून टाकलं. व्हायरस ती अजूनही आणते, पेनड्राइव्हमधून. आता बाहेर जायची वाट त्यांनाही नाही आणि मलाही नाही.