वाढत्या अंगाची बॅट

इंद्रायणीच्या घरात कुठलीही वस्तू मापाची येत नसे. ती गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतायची, सोलापुरातल्या शाळाशाळांत जाऊन पोरांची मापं घ्यायची. पण स्वतःच्या लेकीचा ड्रेस बेतताना टेप पिशवीतच राहायचा. उत्कर्षाचा प्रत्येक ड्रेस खाली चार बोटं दुमडून सुरू व्हायचा, आणि तो मापाला येईपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. केम गावी, माहेरी, इंद्रायणीचंही सगळं असंच झालं होतं. वाढत्या अंगाचं घ्यायचं हा घरातला कायदाच होता, आणि उत्कर्षा गुणी पोर, दर वेळी "चालेल" म्हणून मोकळी व्हायची.

या गुणी पोरीला सॉफ्टबॉलचं मात्र वेड होतं. शाळेच्या संघात ती होती, पण जिल्ह्याच्या संघानं तिला हूल दिली होती. गेल्या वर्षीच्या निवड चाचणीत तिनं तीनदा बॅट फिरवली, आणि तिन्ही वेळा चेंडू मागच्या पोरीच्या हातमोज्यात जाऊन बसल्यावर. "हिची बॅट उशिरा येते," एवढं बोलून निवडणाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं. चौदा वर्षांखालच्या संघात बसायचं आता हे शेवटचं वर्ष, आणि चाचणी येत्या शनिवारी.

पोरीच्या अंगात ताकद नाही, असा निकाल इंद्रायणीनं तेव्हाच देऊन टाकला होता. वर्षभर तिनं खारीक, बदाम, अंडी असा मारा केला. शेवटी शाळेचे कोच बिभीषण सर म्हणाले, "ताई, खाऊ घाला, पण तिला स्वतःची चांगली बॅट पण घ्या." शाळेत सगळ्या पोरींत मिळून पोचे पडलेली एकच बॅट होती. मग इंद्रायणीनं चार महिने मनाशी धरून ठेवलेला नव्या शिलाई मशीनचा बेत बाजूला सारला आणि मंगळवारी लेकीला घेऊन पार्क चौकाजवळचं खेळाच्या सामानाचं दुकान गाठलं.

दुकानदार श्रीशैल जाडजूड आणि हौशी माणूस. त्यानं आतून दोन लांब खोकी आणली. "अक्का, ही भारी जात हाय. साधी पत्र्याची न्हाय, कार्बनच्या धाग्याची. जोरात येणारा चेंडू हिला लागला की बंदुकीवानी सुटतो बघा. एक एकतीस इंची, एक चौतीस."

"किंमत?"

"दोन्हीची सारखीच."

इंद्रायणीच्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला. एकाच दामात तीन इंच जास्त मिळत असताना आखूड घ्यायला ती काय खुळी होती? "चौतीसची द्या. पोरगी वाढतीया. दोन वर्सं तरी बघायला नको."

उत्कर्षानं चौतीस इंची बॅट हातात घेतली. काळी, निळ्या पट्ट्याची, देखणी होती. "चालेल," ती म्हणाली.

श्रीशैलनं डोकं खाजवलं. गिऱ्हाईक तयार असताना कोण आडवं बोलतं? पण हा बोलला. "अक्का, एकदा चेंडू लागला की मी परत घेत न्हाय, म्हणून आधीच बघू. बाळ, एका हातात धर. हात बाजूला सरळ. मी वीस आकडे मोजतो."

सातपर्यंत सगळं ठीक होतं. नवाला बॅटचं टोक खाली झुकायला लागलं. बाराला उत्कर्षानं खांदा कानापाशी नेला, कंबर वाकडी केली, आणि तरी आईकडं बघून हसली. "चालेल, मम्मी."

इंद्रायणीची नजर त्या खांद्यावर खिळली. कपडा चुकला की खांद्यावर आधी कळतं, हे ती नवीन पोरींना रोज शिकवायची. तिनं बॅट काढून घेतली. "जड हाय का गं?"

"थोडी."

"आन शाळेची?"

उत्कर्षा जमिनीकडं बघत राहिली. "ती पन जडच हाय. लांब बी हाय."

"मग वरीसभर बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, मी मोठी झाले की येईल मापात."

पोरगी चाचणीत हरली, घरी येऊन गुपचूप बदाम चावत बसली, आणि दोष बॅटचा असेल असं तिच्या मनालाही शिवलं नाही. तिला हे शिकवलं होतं कुणी? दुकानात रडायची लाज वाटली, म्हणून इंद्रायणीनं पिशवीत हात घातला आणि टेप बाहेर काढला.

"सरळ उभी ऱ्हा. हात लांब कर."

छातीच्या मधोमधपासून बोटांच्या टोकापर्यंत तिनं लेकीचं माप घेतलं. मग एकतीस इंची बॅटची मूठ तिच्या छातीला टेकवून बॅट हाताच्या रेषेत धरायला लावली. टोक बरोबर तळव्यात आलं. वीस आकडे झाले, पंचवीस झाले, बॅट हलली नाही. मग उत्कर्षानं ती दोन्ही हातांनी अशी फिरवली की श्रीशैल काउंटरला जाऊन टेकला.

सवय मात्र अशी सुटते थोडीच. "मधली बत्तीसची न्हाई का हो?" इंद्रायणीनं विचारलंच.

"अक्का, आता माप तर तुमीच घेतलं की!" श्रीशैल हसला, आणि एकतीस इंचीचं खोकं बांधायला घेतलं.

शनिवारी मैदानावर ऊन चटकत होतं. उत्कर्षा उभी राहिली आणि पहिला चेंडू तिनं नुसता जाऊ दिला. दुसऱ्या चेंडूला बॅट वेळेवर आली. टणत्कार झाला आणि चेंडू दोन पोरींच्या मधून कुंपणाकडं पळाला. उत्कर्षा पळत पहिला टप्पा, म्हणजे बेस, ओलांडून दुसऱ्यावर धडपडत पोचली. नंतरही तिनं दोनदा चेंडू लांब धाडला. दुपारी नावं वाचली, त्यात तिचं नाव पाचवं होतं. इंद्रायणीनं बिभीषण सरांसमोरच डोळ्याला पदर लावला.

उत्कर्षा धापा टाकत आली. आईला मिठी मारेल असं वाटलं होतं, पण ती आधी खाली बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली.

"मम्मी, हे बूट लई मोठे हायत. पळताना टाच भाईर येती. दुसऱ्या टप्प्यावर पडलेच असते. मला माझ्या मापाचे पायजेत."

तेरा वर्षांत लेकीनं आईकडं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. एरवी इंद्रायणीनं "दोन मोजे घाल" म्हणून वाटेला लावलं असतं. आज तिला इतकं बरं वाटलं, की तिनं तिथंच मातीत बसून लेकीचं पाऊल मांडीवर घेतलं आणि पिशवीतला टेप शोधायला लागली.