पहिला हाकू

रिपेकानं डोळे मिटले आणि जिवंत बांगड्याच्या नाकातून गळ आरपार ओढला.

"डोळे उघड, पोरी," कुईनी आंटी म्हणाली. "नाहीतर पुढच्या वेळी स्वतःच्या बोटातून काढशील."

कुईनी आंटी पालथ्या बादलीवर बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर नातवाची टोपी. गावाच्या या लाकडी धक्क्यावर ती रोज यायची, लहान मासळी धरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. गेले नऊ दिवस तिला रिपेका सापडली होती.

"फुगा नीट बांधलास ना? परवा तुझा फुगा एकटाच चिलीला निघाला होता."

"बांधलाय, आंटी."

गळाच्या दोरीला, तंगूसाला, बांधलेला लाल फुगा पाण्यावर टेकला. त्याच्या खाली बांगडा पोहू लागला आणि रिपेकानं मागं वळून पाहिलं. धक्क्याच्या तोंडाशी तिच्या वडिलांचा जुना ट्रक उभा होता. काच खाली होती. डावीकडच्या सीटवर तिचा बाप, एरुएरा, बसला होता, समुद्राकडे तोंड करून.

जूनमध्ये त्याला झटका आला तेव्हापासून उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं गेलं होतं. आठ महिने शेजारी राहणाऱ्या त्याच्या पुतणीनं त्याचं सगळं केलं. आता तिच्या नवऱ्याला दक्षिणेत काम लागलं होतं. म्हणून ऑकलंडला, रिपेकाच्या घरापासून दोन स्टॉपवर, एका वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. रिपेका तिथं शहराची बस चालवायची. दोन आठवड्यांची रजा काढून ती आली होती ती घर आवरायला आणि बापाला न्यायला.

"त्यांना काय कळतंय आता?" ब्रिस्बेनहून रावीरी, तिचा धाकटा भाऊ, फोनवर म्हणाला होता. "कुठलीही खिडकी दिली तरी त्यांना सारखीच."

डॉक्टरही तसंच काहीसं म्हणाले होते, जरा सभ्य शब्दांत. "उजवा हात, डावा हात" असं विचारलं की एरुएरा भिंतीकडे बघायचा. 'हो' असेल तर मान हलवा म्हटलं, तर हलवायचा नाही. घरी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि भरवलेला घास ओठांवरून खाली सोडून द्यायचा. ती आल्याच्या तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिपेकानं सहज ट्रक धक्क्याकडे वळवला आणि तो सीटवर ताठ बसला. तेव्हापासून ती त्याला रोज आणायची. नुसतं बसून राहणं तिला जमेना. मग तिनं पडवीतल्या त्याच्या काठ्यांपैकी एक उचलली.

छप्पन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा मासेमारीची काठी हातात धरत होती. लहानपणी पापा रावीरीला आणि चुलतभावांना खडकांवर घेऊन जायचे. ती आईबरोबर किनाऱ्यावर शिंपले वेचायची. पोरींना का नेत नाहीत, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

फुगा हलला. मग आडवा सरकू लागला, कुणी ओढत नेल्यासारखा.

"आंटी..."

"गप्प. हात लावू नकोस. बांगडा घाबरलाय. खाली कोणीतरी आलंय."

फुगा फटकन पाण्याखाली गेला. रिळातून तंगूस सुटू लागला, आधी हळू, मग करकर आवाज करत. परवा याच क्षणी रिपेकानं घाईनं काठी उचलली होती. नुसता बांगडा वर आला होता, शेपटीपासून अर्धा. त्याच्या आदल्या दिवशी मासा लागला होता, पण तो सरळ धक्क्याखाली घुसला आणि खांबांवरच्या कालवांनी तंगूस कापला. त्या दिवशी ट्रकमध्ये बापानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. कळून फिरवलं की ऊन लागलं म्हणून, कुणास ठाऊक.

"तीनपर्यंत मोज," कुईनी आंटी म्हणाली. "आता रिळाचा ब्रेक लाव. उचल!"

रिपेकानं काठी उचलली आणि समोरून कुणीतरी तितक्याच जोरानं तिला खाली ओढलं. तिचं पोट कठड्यावर आपटलं.

"हाकू आहे!" आंटी बादलीवरून उठली. "हाकूच आहे. दुसरा कुठला मासा असं ओढत नाही."

रिपेका जीव खाऊन रीळ फिरवू लागली. तंगूस बाहेर जातच होता, ती फिरवतच होती. तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न वाजला. लांब, कर्कश.

"कोण आहे रे तिकडे?" आंटी ओरडली.

रिपेकानं मान वळवली. ट्रकजवळ कोणी नव्हतं. बापाचा डावा हात सीटवरून आडवा जाऊन स्टिअरिंगवर पोहोचला होता. सगळं अंग त्या बाजूला कललं होतं.

ती गोंधळली आणि तिचा रिळावरचा हात थांबला. हॉर्नही थांबला.

"मासा पळत असताना फिरवायचं नसतं," आंटी सावकाश म्हणाली. ती रिपेकाकडे नाही, ट्रककडे बघत होती. "दोन दिवस मी बोंबलतेय, ऐकलं नाहीस. बापाचं तरी ऐक."

मासा दमला, थांबला. रिपेकानं काठी वर उचलली, खाली आणताना तंगूस गुंडाळला. पुन्हा उचलली, पुन्हा गुंडाळला. खांदे भरून आले. तिला वाटलं, आला आता. आणि मासा वळला. तंगूस डावीकडे, खांबांच्या दिशेनं तिरका होत गेला. हॉर्न परत वाजला. या वेळी थांबेचना.

तिनं पाहिलं. बापाचं कोपर स्टिअरिंगवर होतं आणि पंजा उजवीकडे वळला होता, धक्क्याच्या टोकाकडे. बोटं लांब ताणलेली.

"चाल!" आंटी म्हणाली. "तिकडे चाल, टोकाला. त्याला घेऊन चाल!"

रिपेका चालली. काठी छातीशी धरून, आडवी, खेकड्यासारखी. सुटलेल्या फळ्यांवर पाय अडखळले. ब्रेक तिनं आणखी थोडा आवळला, उतारावर भरलेली बस उतरवताना धरते तसा, न झटकता. एकदा वाटलं, तुटला. पण तंगूस गुणगुणत राहिला आणि हळूहळू खांबांपासून सुटून मोकळ्या पाण्याकडे आला. हॉर्न बंद झाला.

त्यानंतर किती वेळ गेला तिला कळलं नाही. आंटीनं दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडलं, दोनदा चुकली, दोन्ही वेळा कचकचीत शिवी हासडली. तिसऱ्यांदा मासा जाळ्यात होता. दोघींनी मिळून तो वर ओढला.

हिरवट पाठ, कडेनं सोनेरी पट्टा, पिवळी शेपटी. आंटीनं पट्टी लावली. ब्याण्णव सेंटीमीटर. कायद्यानं पंचाहत्तर पुरे.

रिपेका हसत होती की रडत होती, तिचं तिलाच समजत नव्हतं. तिनं ओल्या गोणपाटात मासा गुंडाळला आणि तशीच ट्रककडे धावली.

"पापा, बघा! याचं डोकं तुम्हाला. आज रात्री उकडते. खाणार ना?"

तिनं मासा खिडकीच्या चौकटीवर टेकवला. एरुएरानं डावा तळवा माशाच्या अंगावर ठेवला, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवला. मग बोट उचलून समुद्राकडे दाखवलं.

"हो, तिथूनच काढला."

त्यानं नाही म्हणून मान हलवली. एकदाच, जोरात. पुन्हा माशावर हात, पुन्हा समुद्राकडे बोट. मग तेच बोट रिपेकाच्या छातीवर टेकवलं आणि एकटंच उभं धरलं. एक.

मागून आंटी धापा टाकत आली होती. तिनं डोक्यावरची टोपी काढली.

"पहिला आहे ना तुझा," ती म्हणाली. "पहिला हाकू समुद्राचा. समुद्रदेवाला, तांगारोआला, परत द्यायचा. तुझा पहिलाच आहे, हे लक्षात आहे बापाच्या."

रिपेकानं मासा उचलला, धक्क्याच्या पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. हाकू तिच्या हातांत क्षणभर पडून राहिला. कल्ले उघडले, मिटले. मग शेपटीचा एक फटका तिच्या मनगटावर बसला आणि हात रिकामे झाले.

ती वर आली तेव्हा तिची विजार निथळत होती. ती तशीच स्टिअरिंगमागे बसली. किल्ली हातात घेतली, पण लावली नाही.

"पापा," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलंच नाही, नाही का?"

बाप समोर बघत होता.

"ऑकलंडला यायचंय तुम्हाला?"

चेहरा हलला नाही. ती वाट बघत राहिली. रोज दर स्टॉपवर तिला घड्याळ बघायची सवय होती. आज तिनं बघितलं नाही.

"इथंच राहायचंय?"

त्याची डावी भुवई वर उडाली.

या किनाऱ्यावर 'हो' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही, भुवई उडवतात. बाजारात, शाळेत, चर्चच्या दारात. पस्तीस वर्षं शहरात राहून रिपेका हे विसरली होती. आणि डॉक्टर शहरातले होते. ते बापाला मान हलवायला सांगत होते.

"मी रजा वाढवून घेतली तर? आणि मग इथं शाळेची बस मिळते का बघितलं तर? चालेल?"

या वेळी वेळ लागला. एरुएरानं तिच्याकडे वळून नीट पाहिलं, ओल्या विजारीपासून विस्कटलेल्या केसांपर्यंत. मग भुवई उडाली, आणि ओठाचा चालता कोपरा जरासा वर गेला.

खिशात फोन वाजू लागला. रावीरी होता.

"काय गं, झालं सगळं पॅकिंग? तयार आहेत का ते?"

"थांब," रिपेका म्हणाली. "तूच विचार त्यांना. काय म्हणतात ते मी बघून सांगते."

तिनं फोन बापाच्या कानाशी धरला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.