बल्बचं ग्रहण

शाळेच्या फाटकाशी रिक्षातून उतरेपर्यंत धर्मेशचं डोकं फिरलं होतं. त्याची आई बनूबाई बेलवलीपासून कात्रपपर्यंत एकच गोष्ट घोळवत आली होती.

"ग्रहनाचा कार्यक्रम करतात का कोन? ते काय हळदीकुंकू हाय?"

"आई, सायन्स नाईट आहे. आईबापांनी पोरांबरोबर यायचं असतं. तुला घरी बस म्हटलं होतं."

"आईबाप? मंग आईच्या जागी कोन येनार?"

आईचं हे नेहमीचंच. भलभलतं बोलत राहायची आणि मध्येच एखादं असं बोलायची की समोरच्याचं तोंड बंद.

धर्मेशची लेक नेत्रा दोघांच्या मधून मुकाट चालली होती. नऊ वर्षांची पोर, पण हल्ली मोठ्या माणसासारखी गप्प राहायची.

त्या गप्प राहण्यामुळेच तर धर्मेश अंबरनाथच्या कंपनीतून अर्धी रजा टाकून आला होता. चार वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण लागलं. त्याची बायको जिज्ञासा तेव्हा सातव्या महिन्यात होती. बनूबाईने पाण्यात तुळशीपत्र टाकलं, विळी उचलून ठेवली आणि सुनेला आतल्या खोलीत बसवलं. एवढ्याशा नेत्राने गच्चीवरून धावत येऊन हाक मारली, "आई, सूर्य कुणीतरी खाल्लाय, बघायला चल!" जिज्ञासा हसत उठून गेली. शेजाऱ्यांकडचा ग्रहणाचा चष्मा लावून दोघींनी पाहिलं. महिन्याभराने जिज्ञासाचं बीपी चढलं, आकडी आली. दवाखान्यातून ती परत आली नाही आणि बाळही नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बनूबाई सांगत होती, "गच्चीवर गेली नसती तर हाती लागली असती." कोपऱ्यात पोर बसली आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. धर्मेशच्याही नाही.

मागच्या महिन्यात नेत्राने विचारलं, "मी बोलावलं म्हणून आई गेली ना, पप्पा?"

"गप. जेव." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. जिज्ञासाचा विषय निघाला की त्याला बोलताच यायचं नाही. मग ग्रहणाच्या कार्यक्रमाचा शाळेचा मेसेज आला आणि त्याला वाटलं, बरं झालं. सर सांगतील. पोरं सरांचं ऐकतात.

म्हणून वर्गात शिरण्याआधीच त्याने सायन्सच्या हितेश सरांना बाजूला घेतलं. "सर, एक काम करा. ग्रहणाने पोटुशा बाईला काही होत नाही, एवढं सगळ्यांसमोर सांगा. माझ्या मुलीसाठी."

"नक्की, नक्की. टेन्शन नका घेऊ," सर म्हणाले आणि सेल्फी पॉइंटवरचा कागदी सूर्य पडला होता तो चिकटवायला धावले.

कार्यक्रम सुरू झाला. सरांनी माइक घेतला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे ग्रहण दिसणार, चष्म्याशिवाय बघू नका, वगैरे झालं. मग म्हणाले, "आता काही पालक विचारतात, पाळायचं का? तर विज्ञान आपल्या जागी, श्रद्धा आपल्या जागी. ज्यांना पाळायचं त्यांनी जरूर पाळावं."

बनूबाईने धर्मेशला कोपर मारलं. "बग. सर पन तेच सांगतात."

धर्मेशने दात आवळले. एवढा मोठा माणूस, हातात माइक, आणि एक वाक्य सरळ बोलता येत नाही!

मग दिवे बंद झाले. टेबलावर फक्त एक बल्ब, म्हणजे सूर्य. एकेका मुलाने काठीवरचा चेंडू धरून बल्बसमोर यायचं. चेंडू म्हणजे चंद्र. सावली समोर बसलेल्या पालकांवर पडेल आणि ज्याच्यावर पडेल त्याला ग्रहण दिसेल. पोरं खिदळत येत होती, कुणी मुद्दाम सरांच्याच टकलावर सावली पाडत होतं.

नेत्राचा नंबर आला. तिने काठी घेतली आणि खालीच धरून उभी राहिली.

"उचल, बेटा," सर म्हणाले.

ती हलली नाही.

"नेत्रा, उचल ना," धर्मेश म्हणाला. मागे मुलं चुळबुळ करू लागली. "अगं, सोपं आहे. कशाला अडून बसलीस?" त्याचा आवाज चढला. एवढी रजा टाकून आलो आणि ही अशी!

"नाही," नेत्रा म्हणाली. "त्या काकींच्या पोटात बाळ आहे."

पहिल्याच रांगेत एक बाई चपला काढून बसली होती. दिवस भरत आलेले. प्रीती तिचं नाव, तिचा सम्यक नेत्राच्याच वर्गात होता. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मॅडम, तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसता का?" सर म्हणाले. "मुलीच्या मनासाठी."

"कोणी बाहेर जाणार नाही!" धर्मेश इतक्या जोरात ओरडला की बल्बजवळचं एक पोर दचकलं. "तुम्हाला काय सांगितलं होतं मी, सर?"

"मी कशाला जाते?" प्रीती म्हणाली. "पाय हे एवढे सुजलेत, कशीबशी खुर्ची मिळालीय. आमच्यात पाळत नाहीत ग्रहण. याच्या वेळी मी भर ग्रहणात मेथी निवडली. बघा कसा झालाय, नुसता मस्ती करतो."

"मम्मी!" सम्यक ओरडला. लोक हसले. नेत्रा हसली नाही.

धर्मेश पुढे गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आता सर सांगणार नव्हते, कुणीच सांगणार नव्हतं. त्यालाच सांगायचं होतं.

"आईचं बीपी वाढलं होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मला सांगितलं. मी तुला सांगितलं नाही. ग्रहणाने नाही गेली ती. तू बोलावलंस तेव्हा ती खूश होती, नेत्रा. रात्रभर मला तेच सांगत होती."

मागून बनूबाईचा काही शब्द येतो का, याची त्याने वाट पाहिली. आला नाही.

नेत्राने प्रीतीकडे पाहिलं. "उचलू, काकी?"

"उचल गं बाई. लवकर. नाश्ता थंड होतोय."

चेंडू हळूहळू वर आला. सावली प्रीतीच्या पोटावरून चेहऱ्यावर सरकली. नेत्राने झटकन काठी खाली घेतली.

"दुखतंय?"

"पाय दुखतात. ते कालपासून."

नेत्राने काठी पुन्हा उचलली. या वेळी धरून ठेवली.

घरी आल्याबरोबर बनूबाई मोरीत गेली आणि बादलीत पाणी सोडल्याचा आवाज आला. धर्मेश दारातच उभा राहिला. ग्रहण सुटल्यावर करतात ती आंघोळ. एका बल्बसाठी!

"आई, अगं, काय चाललंय तुझं?"

"माझं मी करते. नेत्रा, चल, तुझं पन पानी काढलंय."

एरवी नेत्रा मुकाट उठून गेली असती. आज तिने ताट घेतलं आणि ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"पप्पा, वाढ. मला भूक लागलीय."

मोरीतून दुसऱ्यांदा हाक आली. धर्मेशने भाताचं झाकण काढलं.