टेकाडावरचं सोनं

पत्रकाराला सत्याहून मोठं दैवत नाही, अशी चंपतरावांची ठाम श्रद्धा होती. फक्त त्या दैवतानं साडेचारच्या एसटीआधी दर्शन द्यावं, एवढंच त्यांचं मागणं असे. पारशिवनीहून नागपूरच्या दैनिकाला बातमी पोचायची ती त्याच गाडीच्या कंडक्टरच्या हाती.

एकोणऐंशी साली जवळच्या टेकाडावर विद्यापीठाचे देशकर सर अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं दफन खणत होते. मोठमोठ्या दगडांच्या वर्तुळात एक घोडा निघाला, म्हणजे त्याची हाडं, लोखंडी कुऱ्हाड आणि तांब्याचा पत्रा. चंपतरावांनी बातमी पाठवली, ती बाजारभावांच्या खाली छापून आली.

मोसम संपला. खड्डा बुजवायच्या दिवशी मजूर नत्थू बाबारावांच्या चहाच्या हॉटेलात आला आणि हळूच म्हणाला, "म्या आपल्या डोयानं पाह्यलं. सर एकटेच खाली उतरले, प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं, अन् वरून माती लोटाले लावली."

"सोनंच असंन गा," बाबाराव गाळणी झटकत म्हणाले. "नाहीतर लपवून काहून ठेवतीन?"

एका तोंडावर विसंबणारे चंपतराव नव्हते. तीन तोंडांनी दुजोरा दिल्याशिवाय बातमी लिहायची नाही, हा त्यांचा नियम. नत्थू एक, बाबाराव दोन. तिसऱ्या भागीरथाबाई, बाजारात भाजी विकणाऱ्या. त्यांनी तर घोड्याच्या कपाळावरचा सोन्याचा पट्टा वर्णन करून सांगितला. त्यांना तो बाबारावांनीच सांगितला होता, पण चंपतरावांच्या नियमात तोंडं मोजायची होती, कान नव्हे. देशकर सरांना विचारायचं राहिलं. ज्याच्यावर संशय, त्यालाच विचारून चांगली बातमी कशाला नासवायची?

'सापडलेले सोने पुन्हा जमिनीत!' तिसऱ्या पानावर, चौकटीत. दुपारी संपादकांचा फोन आला. खड्डा उघडतील तेव्हा हजर राहा, पहिल्या पानावर वरची जागा राखून ठेवतो, आणि हे साधलं तर पहिल्या तारखेपासून नागपूरच्या कचेरीत कायम नोकरी. अकरा वर्षं ओळींच्या हिशोबानं राबलेल्या चंपतरावांना त्या रात्री झोप लागली नाही. त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी नागपुरात खोली वाडी भागात बघायची की महाल भागात, इथवर विचार करून ठेवला.

तहसीलदारांनी पंचांसमक्ष खड्डा उघडण्याचा हुकूम काढला. टेकाडावर जत्रा भरली. बैलगाड्या आल्या, मोटारसायकली आल्या, बाबाराव चहाची शेगडीच घेऊन आले. चंपतरावांनी जो भेटेल त्याला विचारलं, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे म्हणाला, सोनं आहेच, पेपरात आलं नाही का? इतका भक्कम दुजोरा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. गाडी चुकायला नको म्हणून बातमी त्यांनी लिहूनच ठेवली होती. लखलखाट, जनसमुदाय, गहिवर, सगळं होतं. वजनाची जागा तेवढी कोरी होती.

देशकर सर काही सांगायला पुढे झाले, तेव्हा तहसीलदार म्हणाले, तुमचा जबाब पंचनाम्यानंतर.

नत्थूच खाली उतरला. माती उडू लागली, दगडांवर चढलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावर रेलली. चंपतरावांच्या मनगटावर चार वाजून गेले होते. तेवढ्यात खालून आरोळी आली, आणि प्लास्टिकची पुडी वर आली. तहसीलदारांनी स्वतः गाठ सोडली.

आत दहा पैशाचं नाणं होतं. ॲल्युमिनियमचं, लाटांच्या कडेचं. त्यावर साल होतं १९७९.

"खणलेल्या जागेच्या तळाशी आम्ही चालू सालचं नाणं टाकतो," देशकर सर म्हणाले. "पुढं कोणी खणलं तर कळावं, इथं आधी खणून झालंय."

"मंग सर, कळलं आमाले," नत्थू खालूनच म्हणाला.

साडेचारची गाडी वेळेवर सुटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर वरच्या बाजूला कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात होती.